खांबाआडून मेसाया

इंग्लंडातल्या कॅथिड्रलमध्ये गाणं ऐकायला जायचं असेल तर आपले आणि खांबाचे संबंध कसे राहणार, हे तिकीट काढतानाच ठरवावं लागतं. तिकिटांचे वर्ग त्यावरूनच पडलेले असतात. पहिला वर्ग ‘सगळं दिसेल’. दुसरा ‘थोडं दिसेल’. तिसऱ्या वर्गात ‘काहीही दिसणार नाही’ हे इतक्या सरळपणे छापलेलं असतं, की आधी छपाईची चूक वाटते. आपल्याकडे खांबामागची खुर्ची विकणारा माणूस ‘मान जरा डावीकडे केली की दिसतं हो सगळं’ एवढं तरी आपल्यासाठी खोटं बोलतो. इंग्रज तेवढेही कष्ट घेत नाही. किंमत कमी करतो आणि गप्प बसतो.

लेकीने आम्हा दोघांसाठी ‘थोडं दिसेल’ची तिकिटं काढली होती. डिसेंबरातला शनिवार, हॅन्डलचा ‘मेसाया’ हा ऑरेटोरिओ, म्हणजे बायबलातल्या वचनांवरची लांबलचक गायनरचना, शंभरावर माणसांचा गायकवृंद, ऑर्केस्ट्रा आणि चार एकल गायक. नाताळ जवळ आला की या देशात गावोगावी ‘मेसाया’ उभा राहतो. वास्तविक त्याचा पहिला प्रयोग झाला तो १३ एप्रिल १७४२ रोजी, डब्लिनमध्ये, ईस्टरच्या तोंडावर. पण बाहेर दुपारी चारला अंधार पडतो आणि घरात बसून एकमेकांची तोंडं बघण्याला दुसरा पर्याय हवा असतो, तेव्हा कॅलेंडरचा एवढा विचार कोण करतो?

“बाबा, अडीच-तीन तासांचा कार्यक्रम आहे. खुर्च्या कडक असतात. बसवेल ना तुम्हाला?” लेकीने विचारलं.

मी सरकारी खात्यातून निवृत्त झालेला माणूस. बसण्याबद्दल मला कुणी शंका विचारावी याचं मला वाईट वाटलं.

खांबांबद्दल मात्र राग धरण्यात अर्थ नाही. ग्लॉस्टरच्या कॅथिड्रलचं बांधकाम १०८९ साली सुरू झालं. तिथल्या मुख्य दालनातले गोल खांब बघितले की ते छत पेलण्यासाठी आहेत की पृथ्वी जागच्या जागी राहावी म्हणून ठोकलेत, असा प्रश्न पडतो. हे बांधणाऱ्या गवंड्यांपुढे प्रेक्षक नावाचा प्राणीच नव्हता. त्या काळी दालनात खुर्च्याही नसत. माणसं उभी राहत, फिरत, मिरवणुका जात. आत काय चाललंय ते सगळ्यांना दिसावं ही अपेक्षा तर मुळीच नव्हती. तेव्हा खांब आपल्या आड आलेला नसतो. आपणच नऊशे वर्षांनी त्याच्या मागे जाऊन बसलेले असतो.

आमच्या खांबाच्या डाव्या अंगाला एक चिंचोळी फट होती. तिच्यातून मला दोन गोष्टी दिसत. मागच्या रांगेतल्या एका खर्जातल्या गायकाचा डावा अर्धा भाग आणि टिंपनी वाजवणारा माणूस, मात्र हा संपूर्ण. टिंपनी म्हणजे तांब्याच्या मोठ्या भांड्यांवर कातडं ताणलेले नगारे. बायकोच्या वाट्याला कंडक्टरचा उजवा कोपर आला होता. बाकीचे दीडशे कलावंत आम्ही विश्वासावर घेतले.

थंडीचं काय सांगावं? बाहेर होती तेवढीच आत होती, फक्त आत तिला वास्तुशास्त्रीय महत्त्व होतं. काही कॅथिड्रलांत अजून एकोणिसाव्या शतकातले गर्नी स्टोव्ह उभे आहेत; डोक्यावर लोखंडी मुकुट घातलेल्या त्या भट्ट्यांकडे बघूनच जी काय ऊब मिळेल ती मिळते. अनुभवी श्रोता उशी, घोंगडी आणि थर्मास घेऊन येतो. अंगातला कोट कुणी काढत नाही, आणि त्याचा संगीताला फायदाच होतो. दगड आवाज परतवतो, लोकर शोषून घेते. श्रोत्यांनी एकदम कोट काढले तर आधीच घुमणारी ती इमारत आणखी घुमायला लागेल. तेव्हा कुडकुडणारा प्रत्येक जण एका परीने साथच करत असतो.

माझ्या शेजारी एक आजीबाई होत्या. मांडीवर चौकड्यांची घोंगडी, तिच्यावर पानंपानं सुटलेली स्वरलिपी. आमच्याकडे बघून त्या म्हणाल्या, “चांगली जागा मिळाली तुम्हाला. इथे वारा लागत नाही.” खांबाचा विषय त्यांनी काढला नाही. मीही काढला नाही. पायाखालच्या फरशीवर कुणा मृत नगरशेठजींचं नाव कोरलेलं होतं. माझ्या खुर्चीचा एक पाय त्यांच्या आडनावावर होता. त्यांनीही तक्रार केली नाही. एकूण आमच्या कोपऱ्यात समजूतदार मंडळी जमली होती.

श्रोत्यांना आवळून बसवण्याची या संगीताला जन्मापासून सवय आहे. डब्लिनच्या त्या पहिल्या प्रयोगाला गर्दी होणार हे दिसताच संयोजकांनी जाहीर विनंती केली, की स्त्रियांनी झग्याखालचे कड्यांचे सांगाडे घालून येऊ नये आणि पुरुषांनी तलवारी घरी ठेवाव्यात. त्यामुळे सातशे माणसं मावली. जमलेल्या पैशांतून दोन रुग्णालयांना मदत झाली आणि कर्जापायी तुरुंगात पडलेले १४२ जण सुटले. गाणारे होते शहरातल्या दोन कॅथिड्रलांतले गायक. त्यांतल्या सेंट पॅट्रिक्सचे प्रमुख होते ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’ लिहिणारे जोनाथन स्विफ्ट. आपल्या गायकांनी नाचगाण्याच्या दिवाणखान्यात जाऊन फिडलवाल्यांच्या टोळीत गावं, हे त्यांना आधी मुळीच मान्य नव्हतं. मग झालं. पुढच्या वर्षी लंडनमध्ये उलटी ओरड झाली: असे पवित्र शब्द नाटकाच्या थिएटरात म्हणायचे म्हणजे काय! हॅन्डलने नावच बदलून टाकलं आणि जाहिरातीत नुसतं ‘नवं पवित्र ऑरेटोरिओ’ असं छापलं. सरकारी फायलीत अडलेलं काम शीर्षक बदलल्यावर कसं सुटतं हे मी जवळून पाहिलं असल्यामुळे हॅन्डलबद्दल मला तिथेच आदर वाटला.

गायकवृंदाबद्दल एक गोष्ट लेकीने आधी सांगितली होती ती मला खरी वाटली नव्हती. हे लोक पैसे भरून गातात. दर वर्षी वर्गणी द्यायची, दर आठवड्याला तालमीला यायचं, स्वरलिपीचं पुस्तक आपलं आपण आणायचं, काळे कपडे शिवायचे आणि मग तीन तास उभं-बसं करत गायचं. पैसे मिळतात ते एकल गायकांना आणि वाजवणाऱ्यांना. वृंदात कोण असतं? शिक्षक, दंतवैद्य, निवृत्त न्यायाधीश, बागेची दुकानं चालवणाऱ्या बाया. तार सप्तकाला लागतील तितक्या स्त्रिया मिळतात. खर्जाला पोट सुटलेले पुरुष पुष्कळ. अडतं ते टेनर, म्हणजे पुरुषांतले उंच आवाज, मिळण्यात. टेनर आवाजाचा माणूस गावात राहायला आला की तीन वृंदांची माणसं त्याच्या दारात उभी राहतात. उपवर मुलाच्या घरीदेखील इतकी वर्दळ नसते. आगगाडीत शेजारच्याशी हवामानापलीकडे एक अक्षर न बोलणारे हे लोक शनिवारी संध्याकाळी परमेश्वराच्या नावाने दोनशे फुटांवर ऐकू जाईल असे ओरडतात, आणि त्यासाठी वर्गणी भरतात, यात मला आता काहीच विचित्र वाटत नाही. ओरडायला कुठेतरी अधिकृत जागा हवीच.

सुरुवात झाली आणि इमारतही गाऊ लागली. वृंद थांबला तरी छताखाली तो काही क्षण चालूच राहतो. संथ जागी त्याला तोड नाही. जलद तानांची जागा आली की मागचा स्वर दारातून जात नाही तोवर पुढचा आत शिरलेला असतो. त्यातून दालनाच्या टोकाला, साठ मीटरवर बसलेल्या माणसाला सगळं एक षष्ठांश सेकंद उशिरा ऐकू येतं. म्हणून पाठीमागचे लोक मान हलवताना दिसले तर ते तालात आहेत की नाहीत, ते भौतिकशास्त्राला विचारावं.

मी माझ्या फटीला डोळा लावून बसलो. टिंपनीवाला स्वस्थ होता. हाताची घडी, पायात काळे बूट, आणि बूट नि पँटच्या मधल्या बोटभर जागेत लालभडक मोजे. बाकी सगळं कडक काळं. नगाऱ्यांच्या कातड्यावर त्याने हातरुमालाएवढे दोन कापडाचे तुकडे टाकले होते. दहा मिनिटं गेली. वीस गेली. व्हायोलिनं घामाघूम. अर्धा खर्जवाला सात-आठ वेळा उठून बसला. टिंपनीवाल्याने घडी मोडली ती कार्यक्रमपत्रिका वाचायला.

“तो आजारी आहे का हो?” बायकोने तिकडून वाकून पाहिल्यावर कानात विचारलं.

मी पत्रिकेत शोधलं. त्या अडीच-तीन तासांच्या रचनेत टिंपनी आहे दोनच ठिकाणी: दुसऱ्या भागाच्या शेवटी ‘हालेलुया’ आणि अगदी शेवटचा कोरस. बरं, स्वर किती? दोन. आपल्या भाषेत सा आणि प. एरवी असे वादक मध्यंतरानंतर येतात म्हणे, पण इथे व्यासपीठ इतकं अरुंद, की कोपऱ्यात एकदा शिरलं की बाहेर पडायला निम्मा वृंद उठवावा लागेल. म्हणून तो पहिल्यापासून बसला होता. माझं मन त्याच्यापाशी गेलं ते तिथेच राहिलं.

खांबामागच्या गरिबांनाही मध्येच एक प्रसाद मिळाला. पहिल्या भागात मेंढपाळांना देवदूतांचा थवा दिसतो, तिथे हॅन्डलने तुताऱ्यांना सूचना लिहून ठेवली आहे: दुरून, आणि जरा हळू. दुरून म्हणजे मुख्य दालनातल्या पैसेवाल्यांपासून दूर, अर्थात आमच्याजवळ. दोन तुतारीवाले चोरपावलांनी बाजूच्या मार्गाने आले आणि आमच्या खांबाशी उभे राहिले. त्यांतल्या एकाने आवाज न करता वाद्यात तोंडाची ऊब फुंकली, माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या, आणि पुढच्या क्षणी देवदूत माझ्या उजव्या कानापासून चार फुटांवर प्रकट झाले. ‘जरा हळू’ हे मोजायचं कुठून, हे हॅन्डलने लिहिलेलं नाही. बायकोची पर्स खाली पडली ती कुणालाही ऐकू आली नाही. पुढे बसलेल्यांना मात्र ते फार दूरचं, तरल वगैरे वाटलं असं नंतर समजलं. वाजवून झाल्यावर त्याने तुतारीची कळ दाबून आत साचलेलं पाणी नगरशेठजींच्या नावावर टिपकवलं, वाकून नमस्कार केल्यासारखं केलं आणि गेला.

मध्यंतरात रांग लागते. कॅथिड्रलं बांधली तेव्हा स्वर्गाकडे जाणाऱ्या वाटेचा फार बारकाईने विचार झाला, स्वच्छतागृहाकडे जाणाऱ्या वाटेचा झाला नाही. हजार माणसं, आणि दारं म्हणाल तर एका हाताच्या बोटांवर. रांगेत कुणी ढकलत नाही, पुढे घुसत नाही, फक्त हळूहळू प्रत्येकाच्या चेहऱ्यावर मघाच्या गाण्यातलं कारुण्य पसरत जातं. काही जण संगमरवरी बिशपच्या पायाशी उभे राहून प्लास्टिकच्या पेल्यातून वाइन पीत होते. बिशप हात जोडून पडले होते.

दुसऱ्या भागात खरा प्रश्न उभा राहिला: दादेचा.

आपला श्रोता दाद पोटात ठेवू शकत नाही. भीमसेन जोशींनी १९५३ साली सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला, तेव्हापासून पुण्यात श्रोता हा सहकलाकार आहे. समेवर हात पडणार, जागा आली की ‘क्या बात है’ होणार. बालगंधर्वांच्या काळात तर लोक वन्समोअर घेऊन नाटक पहाटेपर्यंत लांबवीत. इथे मात्र समोर काहीही घडो, तुम्ही हलायचं नाही. ग्लॉस्टर, वुस्टर आणि हेरेफर्ड या तीन कॅथिड्रलांचा मिळून संगीतमहोत्सव भरतो. तीनशे वर्षांहून जुना आहे. तिथे १९६० च्या दशकातही कॅथिड्रलमध्ये टाळ्या वाजवत नसत. एल्गारसारखा त्याच भागातला संगीतकार आपली रचना स्वतः चालवून संपवायचा, आणि हजारो लोक त्याच्याकडे शांतपणे बघत बसायचे. १७५८ मध्ये ब्रिस्टल कॅथिड्रलमध्ये ‘मेसाया’ झाला तेव्हा धर्मोपदेशक जॉन वेस्ली हजर होते. प्रवचनाला तरी लोक कधी इतके गंभीर बसले असतील का, अशी शंका त्यांनी रोजनिशीत नोंदवली आहे. प्रवचनकाराने हे लिहावं म्हणजे बघा.

मग दाद जाते कुठे? माझं निरीक्षण असं, की ती खोकल्यात जाते. गाणं चालू असताना हजार माणसं ठसका गिळून धरतात. स्वर विरला की एकदम चहूबाजूंनी उसळी. ज्या गाण्यानंतर खोकला जोरात, ते रंगलं समजावं. सुमार गाण्यानंतर चार-दोनच घसे साफ होतात.

बायको गाणं शिकलेली. दुसऱ्या भागात आल्टो, म्हणजे स्त्रियांतल्या खालच्या आवाजाचं, एक फार संथ, दुःखी गाणं आहे. एक वाक्य, मग थोडी जागा; पुढचं वाक्य, पुन्हा जागा. गायिकेने खाली उतरताना एक स्वर असा काही सोडला, की त्या मोकळ्या जागेत बायकोच्या तोंडून “वा!” निघून गेलं. दगडांनी ते उचललं, छतापर्यंत नेलं आणि सावकाश सगळ्यांना वाटलं. पुढच्या रांगेतल्या दोन माना एक अंश वळून पुन्हा सरळ झाल्या. शेजारच्या आजीबाईंनी माझ्या मांडीवरून हात लांब केला, बायकोचा हात दाबला आणि तिच्या तळव्यावर खोकल्याची गोळी ठेवली.

ती गोळी कागदात गुंडाळलेली होती. आता खायला तर हवी. बायकोने ती आवाज न करता सोडायला घेतली. असा कागद पटकन सोडला तर एकदाच वाजतो. हळू सोडला तर गाणं संपेपर्यंत वाजतो. त्यातून गाण्याचा पहिला भाग शेवटी पुन्हा येतो. कागदाचाही आला.

‘हालेलुया’ जवळ आलं तशी माझ्या माणसात जान आली. त्याने कातड्यावरचे कापडाचे तुकडे उचलून घडी करून ठेवले. मग टेनर गात असताना तो खाली वाकला, कान नगाऱ्याच्या कातड्याला लागेलसा नेला आणि एका बोटाने, धूळ झटकावी इतक्या हलक्या हाताने, टिचकी मारली. ऐकलं. पायाशी काहीतरी किंचित दाबलं. पुन्हा टिचकी. चेहरा असा, की शंभर माणसं आणि हॅन्डल बाजूला झालेत आणि जगात तो आणि पंचम दोघंच उरलेत. स्वरात मिळवण्याची ही असोशी मी तबलजींच्या चेहऱ्यावर पाहिली आहे. फक्त तबलजी पुढे दोन तास वाजवतो. याच्या नशिबी चारेक मिनिटं होती.

‘हालेलुया’ला श्रोते उभे राहतात. कारण म्हणून सांगतात ते असं, की लंडनच्या प्रयोगात राजा दुसरा जॉर्ज भारावून उठला, आणि राजा उठल्यावर बसून कोण राहणार? राजा त्या प्रयोगाला हजर होता असा त्या वेळचा एकही पुरावा नाही. पण दोन-अडीचशे वर्षं लोक उठताहेत. मला विचाराल तर त्यांना राजाशी कर्तव्य नाही. गुडघे मोकळे करायची एवढी एकच संधी आहे. कोरसचा पहिला स्वर लागला, आजीबाईंनी घोंगडी बाजूला केली आणि अख्खं दालन खुर्च्या करकरवत उभं राहिलं.

आणि माझ्या फटीत एक रुंद हिरवा कोट आला.

दीड तास ज्याच्यावर नजर ठेवली, तो माणूस नेमका वाजवायला लागला आणि दिसेनासा झाला! नगारे ऐकू येत होते. जमिनीतून, नगरशेठजींतून, बुटांतून वर येत होते. सा, प, सा. मी टाचा उंचावल्या, डावीकडे झुकलो, उजवीकडे झुकलो. कोट हलला नाही. सगळे बसले तेव्हा तो पुन्हा घडी घालून बसला होता. जणू काही झालंच नव्हतं.

तिसरा भाग मी कसा काढला ते मलाच ठाऊक. सोप्रानो अप्रतिम गायली, तुतारीवाल्याने खर्जातल्या गायकाबरोबर लांबलचक गाण्यात पैसे वसूल करून दिले, आणि माझं लक्ष लाल मोज्यांवर. शेवटचा कोरस आला. या वेळी सगळे बसलेले. त्याने काठ्या उचलल्या, मान वर केली, आणि मी पाहिलं: हात पडत होता दगडासारखा आणि उचलला जात होता पिसासारखा. वाजवून झालं की लगेच तळवा कातड्यावर, नाद पुसायला. ‘आमेन’ या एका शब्दावर तो कोरस चढत चढत जातो, आणि सगळं शिगेला पोचलं की एकदम थांबतो. पूर्ण थांबतो. मग शेवटचे संथ स्वर यायचे असतात. तो थांबा हॅन्डलने मुद्दाम ठेवलेला आहे. टिंपनीवाल्याच्या काठ्या हवेत. छतात मागचे स्वर अजून फिरताहेत.

तेवढ्यात पुढून, ‘सगळं दिसेल’च्या रांगांमधून, कुणीतरी खणखणीत टाळ्या वाजवल्या. तीनच. चौथीच्या आधी त्याला कळलं. माझ्या शेजारच्या कलावतीने गोळी गालातल्या गालात फिरवली आणि माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत पुण्याची सगळी प्रतिष्ठा परत आली होती.

बाहेर पडलो तर बाजूच्या दाराशी तोच माणूस एका गाडीत नगारे चढवत होता. बायको सरळ त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली, आणि संध्याकाळभर साठलेलं सगळं तिने मोकळं केलं: दोन्ही हात, मान, डोळे, “वा, वा, फार सुरेख!” तो आधी घाबरला, मग लाजला. कुणी वेगळं येऊन सांगत नाही म्हणाला. मी विचारलं, इतका वेळ नुसतं बसायचा कंटाळा नाही येत?

“मला पैसे संध्याकाळचे मिळतात, ठोक्यांचे नाही,” तो म्हणाला. “आणि खरं सांगू? ठोके कुणीही मारेल. इतका वेळ गप्प बसून नेमक्या वेळी जागं असणं, त्याचे पैसे आहेत.”

हे वाक्य मला फार आवडलं. लेकीच्या गाडीत बसल्यावर मी ते तिला मराठीत समजावून सांगत होतो, तर बायको मागच्या सीटवरून म्हणाली, “अहो, तुम्हीसुद्धा खात्यात जन्मभर हेच केलंत की. फक्त शेवटचा नगारा वाजवायचा राहून गेला.”